लॅपटॉप घेताय? नंतर बदलता न येणारं आधी पाहा, आणि या चुका टाळा

लॅपटॉप घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न हमखास येतो, "आय फाइव्ह घेऊ की आय सेव्हन?" मला हा प्रश्न कुणी विचारला की मी उलट विचारते, "स्क्रीनसमोर रोज किती तास बसणार आहात?" कारण लॅपटॉपमधल्या काही गोष्टी नंतर बदलता येतात आणि काही शेवटपर्यंत तशाच राहतात. एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी ड्राइव्ह, बहुतेक मॉडेलांत बदलता येते, बॅटरीही नवी बसते. स्क्रीन, कीबोर्ड, वजन, पोर्ट आणि मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डवर) सोल्डर केलेली रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) मात्र घेतली तशीच वापरावी लागते. पैसे आधी या न बदलणाऱ्या गोष्टींवर लावावेत, असं माझं ठाम मत आहे.

प्रोसेसरच्या नावाला भुलणं

'आय सेव्हन' हे एका घराण्याचं नाव आहे. त्यातली पिढी कोणती आणि शेवटचं अक्षर कोणतं, हे पाहिल्याशिवाय त्या नावाला अर्थ नाही. २०१६ मधल्या इंटेलच्या आय७-७५००यू या चिपमध्ये दोनच कोअर (काम करणारे भाग) होते. पुढच्याच वर्षी आलेल्या आय५-८२५०यूमध्ये चार कोअर आले. चार कामं एकदम चालवताना नंतरचा 'फाइव्ह' आधीच्या 'सेव्हन'पेक्षा सरस ठरला. तरीही जुना आय सेव्हन आजही केवळ नावावर विकला जातो.

पिढीचा दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा चिपही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे सहाव्या पिढीचा 'एकदम चकाचक' लॅपटॉप स्वस्तात मिळत असेल, तर त्या स्वस्ताईचं कारण तिथेच आहे.

शेवटचं अक्षर 'यू' असेल तर चिप कमी वीज खाणारी, लिखाण-वाचन-प्रवासासाठी. 'एच' असेल तर ताकद जास्त आणि उष्णताही जास्त. व्हिडिओ एडिटिंगसाठी 'एच' घ्या, पण तो फार सडपातळ बॉडीत घेऊ नका. उष्णता बाहेर पडायला जागा नसली की चिप आपला वेग आपणच कमी करते, आणि ज्या वेगासाठी पैसे मोजले तो हाती लागतच नाही.

रॅम आणि स्टोरेजमध्ये काटकसर

"आत्ता ८ जीबी घेतो, पुढे वाढवू," हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. वाढवता येईल का, हे विकत घेण्याआधी पाहायचं असतं. स्पेसिफिकेशनमध्ये 'ऑनबोर्ड' किंवा 'सोल्डर्ड' लिहिलं असेल आणि मोकळ्या स्लॉटचा उल्लेख नसेल, तर मार्ग बंद समजा. ॲपलने २०२० पासून आपल्या स्वतःच्या चिप घालून जे मॅकबुक आणले, त्यांपैकी एकातही रॅम नंतर वाढवता येत नाही. अशा मशीनमध्ये १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नये.

स्टोरेजमध्ये 'ईएमएमसी' हा शब्द दिसला तर थांबा. ती एसएसडी नव्हे. मोबाईल-टॅबलेटच्या जातीची ती मेमरी असते, एसएसडीच्या मानाने बरीच संथ आणि सहसा मदरबोर्डवरच बसवलेली. आणि ५१२ जीबीच्या जागी विंडोज ४७६ दाखवू लागलं तर फसवणूक झाली असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक.

स्क्रीन शोरूमच्या उजेडात पाहणं

डिस्प्लेला मांडलेल्या मशीनचा ब्राइटनेस बहुधा पूर्ण वाढवलेला असतो, त्यामुळे सगळेच पडदे सुंदर दिसतात. एक पांढरं पान उघडा, ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि मान थोडी वर-खाली आणि डावी-उजवीकडे करून पाहा. रंग उलटेपालटे झाले तर पॅनेल जुन्या टीएन प्रकाराचं असण्याची शक्यता मोठी. रिझोल्यूशन १९२०×१०८० पेक्षा कमी नको. खिडकीजवळ बसून काम करणार असाल तर ३०० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) तरी हवेत. '४५ टक्के एनटीएससी' (पडदा किती रंग दाखवतो त्याचं माप) असं लिहिलं असेल तर फोटोचं काम त्यावर करू नका, रंग फिके दिसतील आणि चूक तुमच्या फोटोची आहे असं वाटत राहील.

वजन पाहताना चार्जरही तराजूत धरा. १९८१ चा ऑस्बोर्न १ 'पोर्टेबल' म्हणूनच विकला गेला, त्याचं वजन जवळपास ११ किलो होतं आणि त्यात बॅटरीही नव्हती! आज दोन किलोंच्या आत सगळं मावतं, पण रोज खांद्यावर वाहणाऱ्याला अर्धा किलोही जाणवतो.

किंमत म्हणजे फक्त बिलावरचा आकडा समजणं

एकाच नावाखाली एकाच कंपनीची दहा-बारा वेगवेगळी मशीन असतात. नाव तेच, पण एकात चांगला पडदा, दुसऱ्यात साधा; एकात रॅमच्या दोन पट्ट्या, दुसऱ्यात एकच. म्हणून भाव नेहमी पूर्ण मॉडेल क्रमांकाचा विचारावा, शेवटच्या अक्षरांसकट. छापील किमतीवर किती टक्के सूट आहे, याने काहीच कळत नाही. त्याच क्रमांकाचं मशीन गेल्या काही आठवड्यांत प्रत्यक्षात किती किमतीला विकलं जात होतं, ते पाहा. नवी पिढी आली की मागच्या पिढीचे भाव उतरतात. मागची पिढी तुमच्या कामाला पुरत असेल तर तोच घेण्याचा मोका.

मग या आकड्यात ऑफिस सॉफ्टवेअर, बॅकअपसाठी बाहेरची ड्राइव्ह, आणि तीन-चार वर्षांनी लागणारी नवी बॅटरी मिळवा. मशीन जितकी वर्षं वापरणार तितक्यांनी भागा. महाग वाटलेलं टिकाऊ मशीन इथे अनेकदा स्वस्त निघतं.

वॉरंटीबद्दल एक गैरसमज कायम दिसतो. साधी वॉरंटी कारखान्यातल्या दोषांची असते. पडलं, पाणी सांडलं, पडदा फुटला, तर ती लागू होत नाही. त्यासाठी 'अॅक्सिडेंटल डॅमेज' संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. प्रवास फार असेल तर मुदत वाढवण्याआधी हे घ्या.

सेकंडहँड घेताना चार गोष्टी समोर बसून करा. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगला, पासवर्ड नाही ना ते पाहा. आधीच्या मालकाचं अकाउंट पूर्ण काढायला लावा. मॅकबुकवर ॲक्टिव्हेशन लॉक (आधीच्या मालकाच्या ॲपल अकाउंटचं कुलूप) राहिलं तर ते मशीन तुमच्या उपयोगाचं नाही. कुठल्या कंपनीच्या व्यवस्थापनाखाली ते नोंदलेलं नाही ना, हे नव्याने सेटअप करताना कळतं, म्हणून सेटअप समोरच करा. आणि खाली छापलेला सीरियल नंबर बायोसमधल्या नंबरशी जुळतो का ते बघा.

बॅटरीचे हाल

लिथियम बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: उष्णता, आणि सतत १०० टक्क्यांवर राहणं. मशीन दिवसभर चार्जरलाच लावलेलं असेल तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा घाला. बऱ्याच कंपन्या ही सोय देतात. महिनाभर वापरणार नसाल तर अर्धी चार्ज करून ठेवा. गादीवर, उशीवर ठेवून काम करू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. झाकण मिटलं म्हणजे मशीन झोपलं असंही नव्हे. हल्लीची बरीच मशीन झोपेतही जागी होऊन अपडेट घेतात आणि बॅगेत तापतात. बॅगेत घालण्याआधी शट डाऊन किंवा हायबरनेट (काम जपून पूर्ण बंद) करा.

बॅटरीची खरी अवस्था पाहायची तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'powercfg /batteryreport' असं टाइप करा. तयार होणारी अहवालाची फाइल उघडली की मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता दिसतात. ट्रॅकपॅड वर उचलला गेला, क्लिक होईना, तळ हलायला लागला, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. मग चार्जिंग ताबडतोब थांबवा, दाबू नका, टोचू नका, थेट दुरुस्तीला न्या.

धातूच्या बॉडीला हात लावताना बारीक झिणझिण्या येत असतील तर बहुधा अर्थिंग नाही. तीन पिनांची केबल आणि अर्थिंग असलेलं सॉकेट वापरा.

पाणी सांडल्यावर "चालू होतंय का" पाहणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पाण्याने बिघाड होतोच असं नाही, पण ओल्या सर्किटमधून वीज गेली की होतो. चार्जर काढा, पॉवरचं बटण बंद होईपर्यंत दाबून धरा, जोडलेलं सगळं काढा. झाकण उघडं ठेवून मशीन तंबूसारखं उलटं ठेवा. हेअर ड्रायर नको, पाणी आणखी आत ढकललं जातं. तांदळात पुरून ठेवू नका, धूळ आणि कण मात्र आत जातात. साखरेचं पेय असेल तर वाळल्यावरही चिकट थर उरतो आणि गंज चढत जातो, म्हणून बोर्ड उघडून साफ करून घ्यावाच लागतो. दोन दिवसांनी चालू झालं म्हणजे वाचलं, असं धरू नका.

पडद्याचंही असंच. कीबोर्डवर पेन किंवा इअरफोन राहतो आणि झाकण मिटलं जातं. कॅमेऱ्यावरच्या प्लॅस्टिकच्या सरकत्या पट्टीनेही पडदा फुटू शकतो. ॲपलने २०२० मध्ये याबद्दल ग्राहकांना सावध केलं होतं. पडदा काळा पण पंख्याचा आवाज येतोय, अशा वेळी अंधारात टॉर्च तिरका मारून पाहा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) गेला आहे आणि आतला डेटा सहसा सुखरूप असतो.

मशीन जपणं, डेटा विसरणं

माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड वॉरंटीत बदलून मिळाला, एक पैसाही लागला नाही. घरी आणून चालू केला तर निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाला किल्लीशिवाय न उघडणारं कुलूप, मी स्वतः कधी चालू केलंच नव्हतं. पहिल्या सेटअपच्या वेळी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं होतं आणि ते आपोआप चालू झालं होतं. रोज आपोआप लागणारी किल्ली टीपीएम चिपशी बांधलेली होती आणि ती चिप जुन्या बोर्डबरोबर गेली. रिकव्हरी की ज्या अकाउंटवर साठवली होती त्याचा पासवर्ड आठवेना, नोंदवलेला फोन नंबर कधीच बंद झालेला. एसएसडी हातात होती, धडधाकट होती, आणि चार महिन्यांचं लिखाण त्यातून बाहेर काढता आलं नाही. दुरुस्ती करणाऱ्यांनी काम नीट केलं होतं. त्यांनी बॅकअप आहे का असं विचारलंही होतं आणि मी "हो" म्हटलं होतं.

एन्क्रिप्शन बंद करू नका, चोरी झाली तर तेच तुमचे कागदपत्र वाचवतं. रिकव्हरी की मात्र आजच शोधा: मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या डिव्हाइस विभागात ती दिसते, मॅकवर फाइलव्हॉल्ट (मॅकचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची की कुठे ठेवली आहे ते पाहा. कागदावर लिहून लॅपटॉपच्या बॅगेबाहेर ठेवा, सीरियल नंबर आणि बिलाच्या प्रतीसोबत. कामाच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. बॅकअपमधली एखादी फाइल अधूनमधून उघडून बघा. दुरुस्तीला देण्याच्या आदल्या रात्री तर नक्कीच.