जुनी लष्करी रायफल मूळ की ओव्हरहॉल केलेली? पारखताना या चुका टाळा

माझ्या हातात पहिली मोसिन-नागान ९१/३०, म्हणजे सोव्हिएत सैन्याची जुनी रायफल आली, तेव्हा मी फक्त नंबर पाहिले. नळीवर इझेव्हस्क कारखान्याचा बाण असलेला त्रिकोण, त्याच्यापाशी १९४३, आणि नळी, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा), मॅगझिनचं झाकण, बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची लोखंडी पट्टी) या चारही जागी एकच नंबर. विकणाऱ्याने ती "कारखान्यातून निघाली तशीच" म्हणून दिली आणि मीही तशीच घेतली. आठवड्याने खिडकीपाशी बसून तिरप्या उजेडात भिंग लावलं. नळीवरच्या ३ चा माथा सपाट होता, बटप्लेटवरच्या ३ चा गोल. बटप्लेटवरच्या अंकांच्या खाली लोखंड किंचित खोलगट होतं, कारण आधीचा नंबर कुणीतरी घासून काढला होता.

रायफल वाईट नव्हती, पण मला सांगितलेली गोष्ट खरी नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी लाखो रायफली सोडवल्या, धुतल्या, झिजलेले भाग बदलले, पुन्हा जोडल्या, म्हणजेच ओव्हरहॉल केल्या, आणि जोडलेल्या भागांवर नळीचा नंबर ठोकून दिला. संग्राहक याला फोर्स-मॅच म्हणतात. नंबर जुळतात, पण ते कारखान्याने जुळवलेले नसतात.

नंबर जुळले म्हणजे मूळ, ही पहिली चूक

नंबर काय आहे याच्याइतकंच तो कसा ठोकला आहे हे पाहा. चारही जागांचे फोटो एकाच अंतरावरून काढून शेजारी शेजारी ठेवा. अंकांची उंची, २ ची शेपटी, ४ उघडा की बंद, ठोक्याची खोली, ओळ सरळ की डुलणारी, असं एकेक ताडून पाहा. मग तो भाग उजेडात हळूहळू फिरवा. सपाट लोखंडावर खिडकीचं प्रतिबिंब सरळ सरकतं. जिथे जुना नंबर घासला असेल तिथे ते वाकतं. बोटाला न लागणारा खड्डाही असा डोळ्याला दिसतो.

काही शस्त्रागारांनी एवढेही कष्ट घेतले नाहीत. जुन्या नंबरावर आडवी रेघ मारून नवा नंबर शेजारी घातला, किंवा विजेच्या पेन्सिलीने खरडला. ही खरड दिसली तर विषय तिथेच संपतो. असं खुलेपणाने केलेलं काम मला खोडून लपवलेल्या नंबरापेक्षा जास्त आवडतं, कारण त्यात जुना नंबरही वाचता येतो.

एका सैन्याची फूटपट्टी दुसऱ्याला लावणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मोसिन किंवा माउझर पाहायची सवय झालेला माणूस अमेरिकन एम-१ गॅरंड हातात घेतो आणि जुळणारे नंबर शोधू लागतो. गॅरंडला अनुक्रमांक फक्त रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या लोखंडी भागावर असतो. बाकीच्या भागांवर दिसतात ते ड्रॉइंग क्रमांक, म्हणजे तो भाग कोणत्या आराखड्यावरून आणि कितव्या दुरुस्तीनंतर बनला याची खूण. म्हणून गॅरंडमध्ये पाहायचा असतो तो काळाचा मेळ. ऑपरेटिंग रॉड (नळीलगतचा, बोल्ट मागे नेणारा दांडा) मागे ओढला की नळीच्या उजव्या अंगाला महिना आणि वर्ष दिसतं. अनुक्रमांकावरून रिसीव्हर कधीचा ते कळतं. नळी रिसीव्हरच्या थोडी आधीची असेल तर ठीक. रिसीव्हर १९४३ चा आणि नळी १९५२ ची असेल, तर ती मधे केव्हातरी बदलली आहे. दस्त्यावर शस्त्रागाराची अक्षरं, उदाहरणार्थ रॉक आयलंडची आरआयए, ठोकलेली असतील तर ती पुनर्बांधणीची नोंद समजा.

जर्मन माउझर के-९८-के ची रीत उलटी. तिथे स्क्रूसारख्या बारीक भागांवरही अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे असायचे. त्यामुळे एखादी के-९८-के खरोखर मूळ आहे का हे रिसीव्हरपेक्षा या छोट्या भागांवरून लवकर कळतं. सोव्हिएत सैन्याने पकडलेल्या आणि पुढे ओव्हरहॉल केलेल्या माउझर वेगळ्याच दिसतात. रिसीव्हरवर फुलीची खूण, बोल्टवर विजेच्या पेन्सिलीने खरडलेला नंबर, सगळीकडे काळा रंग आणि लाकडावर लाखेचं पॉलिश.

स्वीडिश माउझरवर बहुधा शेवटचे तीन आकडे असतात. फिनिश सैन्याची मालमत्ता असलेल्या मोसिनवर चौकटीत एसए ही अक्षरं दिसतात. त्यांच्या दुरुस्तीची रीत सोव्हिएत रीतीसारखी नव्हती, म्हणून तिथे सोव्हिएत खुणा शोधत बसू नका. ब्रिटिश ली-एनफिल्डवर तर बरेचदा लिहूनच ठेवलेलं असतं. एफटीआर म्हणजे कारखान्यात केलेली संपूर्ण दुरुस्ती. नंबर ४ मार्क १/२ असं कोरलेलं असेल, तर ट्रिगर गार्डला टांगलेला जुना ट्रिगर काढून रिसीव्हरला टांगलेला नवा बसवलाय असं समजा. अशी रायफल १९४३ सालची असली तरी आज ज्या रूपात समोर आहे ते रूप युद्धानंतरचं आहे.

काळा, एकसारखा रंग पाहून भुलणं

ऐंशी वर्षांची रायफल आणि रंग मात्र टोकापासून टोकापर्यंत गडद, हे पाहून आनंद होण्याआधी खड्डे शोधा. जुना गंज लोखंडात बारीक खड्डे पाडतो. खड्ड्यांच्या तळाशीही तोच ताजा काळा रंग असेल, तर आधी गंज आला, मग तो साफ झाला आणि त्यानंतर ब्लूइंग, म्हणजे लोखंडाला रसायनाने दिलेला गडद रंग चढलं, हा क्रम उघड आहे. मला ही खूण सगळ्यात भरवशाची वाटते, कारण लपवायची तर आख्खं लोखंड खाली घासावं लागतं आणि मग शिक्के पातळ होतात. म्हणून पुढची नजर शिक्क्यांवर. गडद रंगाखाली अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत असतील, तर रंगापूर्वी पॉलिशचं चाक फिरलं आहे.

मोसिनचा बोल्ट कारखान्यातून सहसा पांढरा, म्हणजे रंग न दिलेला निघायचा. तो काळाभोर असेल तर शस्त्रागाराचा हात लागला आहे. युद्धानंतरच्या ब्रिटिश दुरुस्तीत भट्टीत भाजलेला काळा रंग वापरत. तो ब्लूइंगसारखा झिजत नाही, नखाएवढ्या तुकड्यांनी उडतो.

नळीचं तोंडही पाहा. सफाईच्या गजाने गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा तोंडाशी झिजल्या, की सोव्हिएत कारागीर तेवढा भाग आतून रुंद करून टाकायचे. खाचा तोंडापासून थोड्या आत सुरू होत असतील तर दुरुस्ती नक्की झाली आहे.

लाकडाकडे दुर्लक्ष

खरं तर लाकूडच जास्त बोलतं. बटप्लेटची कड दस्त्याच्या लाकडावरून बोट फिरवून तपासा. कारखान्यात लोखंड आणि लाकूड सपाटीत बसवतात. बोटाला लोखंडाची कड उंच लागली, तर लाकूड घासून खाली गेलं आहे. मग त्या लाकडावरचा शिक्का टवटवीत असेल तर सावध व्हा. लाकूड घासलं पण शिक्का तसाच राहिला, असं होत नाही. तो शिक्का नंतर ठोकलेला आहे.

सोव्हिएत ओव्हरहॉलचं लाखेचं पॉलिश लालसर आणि चकचकीत असतं. जुन्या घावात, खरचटल्याच्या रेघेत ते साचून घट्ट झालेलं दिसलं, तर घाव आधीचा आणि पॉलिश नंतरचं. १९३० च्या दशकातल्या षट्कोनी रिसीव्हरची मोसिन प्लायवूडसारख्या थर दिलेल्या दस्त्यात बसलेली असेल, तर तो दस्ता नंतरचा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून काही जण कापसाने पुसून खात्री करतात. दिसत्या भागावर हे कधीच करू नका.

शिक्का नाही म्हणून मूळ

चौकोनात तिरपी रेघ ही सोव्हिएत दुरुस्तीची ओळखीची खूण. ती असेल तर उत्तर मिळालं. नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण प्रत्येक दुरुस्त रायफलीवर ती ठोकलेली नाही. आयातदाराच्या शिक्क्याचंही तसंच. तो नसला की "आजोबांनी युद्धावरून आणली" ही गोष्ट सांगायला सोपी जाते. पण अमेरिकेत १९६८ च्या बंदूक कायद्याआधी आयात झालेल्या भरपूर रायफलींवर असा शिक्का नाही.

नसलेली दुरुस्ती दिसणं

१९४२-४३ च्या मोसिनवर कटरच्या ओबडधोबड रेघा दिसतात. त्या घाईच्या उत्पादनाच्या आहेत, कुणी नंतर रायफल बिघडवल्याच्या नाहीत. जपानी अरिसाकावरचं शेवंतीचं राजचिन्ह घासलेलं असतं, तेही ओव्हरहॉलमध्ये नव्हे, शरणागतीच्या सुमारास. मोसिनच्या रिसीव्हरच्या डाव्या बाजूला बुजवलेली भोकं आणि रेघ मारलेला दुर्बिणीचा नंबर दिसला, तर ती पूर्वी स्नायपर होती आणि नंतर साधी केली गेली. अशा रायफलीला पुन्हा दुर्बीण लावून, किंवा साध्या रायफलीला नवी भोकं पाडून "मूळ स्नायपर" म्हणून विकतात. तिथे भोकांच्या आतला रंग आणि बाहेरचा रंग ताडून पाहा.

आणि घरी आणल्यावर

हातात घेताच आधी बोल्ट उघडून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती नळीच्या मागची जागा, रिकामं असल्याची खात्री करा, मग भिंग. बोल्टचा नंबर वेगळा असो वा पुन्हा ठोकलेला असो, गोळी झाडायचा विचार असेल तर जाणत्या बंदूक-कारागिराकडून हेडस्पेस गेजने, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यातली काडतुसाची जागा मोजणाऱ्या मापाने तपासून घ्या. मूळ जोडीचा बोल्टही झिजलेला असू शकतो, म्हणून ही तपासणी तिथेही टाळू नका.

लाख खरवडून, जुळता बोल्ट विकत घेऊन, रेघ मारलेला नंबर घासून रायफल "पुन्हा मूळ" करायला जाऊ नका. शस्त्रागाराने केलेलं काम हा तिच्या सेवेचाच भाग आहे, आणि तुम्ही केलेलं काम पुढच्या माणसाला फसवणारं ठरेल. माझ्या १९४३ च्या मोसिनची बटप्लेट मी तशीच ठेवली आहे. तिच्या चारही नंबरांचे फोटो आणि "फोर्स-मॅच" अशी नोंद मी तिच्यासोबतच ठेवतो.