कारगिल दिनाला मुलांना मनोज पांडे यांची गोष्ट कशी सांगाल?

जुलै उजाडला की आमच्या ठाण्यात शाळाशाळांतून, सोसायट्यांतून कारगिल विजय दिवसाच्या भाषणांची तयारी सुरू होते. ‘प्राणांची आहुती’, ‘शत्रूची दाणादाण’ ऐकून मुलं टाळ्या वाजवतात आणि जिना उतरेपर्यंत विसरूनही जातात. मी नौपाड्यात वर्षानुवर्षं इतिहास शिकवला. माझं म्हणणं एवढंच, की शौर्याला विशेषणं लावू नका. त्या रात्री त्या माणसापुढे काय वाढून ठेवलं होतं, ते सांगा.

लेफ्टनंट मनोजकुमार पांडे, वय २४, ११ गोरखा रायफल्सची पहिली बटालियन. खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेले, हे आवर्जून सांगा. मुलांना माणूस जवळचा वाटतो.

आधी उंची समजू द्या. त्यांच्या बटालियनला घ्यायचं होतं ते खालूबार कारगिलच्या बटालिक भागात, १६ हजार फुटांच्याही वर. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या जेमतेम निम्मा. आपल्या मुलांनी डोंगर पाहिलेला असतो तो येऊरचा. म्हणून भरलेलं दप्तर पाठीवर देऊन त्यांना चार मजले भरभर चढायला लावा (दमा असलेल्यांना नको) आणि वर पोचल्या पोचल्या एक लांब वाक्य मोठ्याने म्हणायला सांगा. धड म्हणता येत नाही. पांडे यांना त्याहून कितीतरी विरळ हवेत, अंधारात, हुकूम द्यायचे होते.

मग वेळ. इथे अजिबात घाई करू नका, सगळी गोष्ट यावरच उभी आहे. २ आणि ३ जुलै १९९९च्या मधली रात्र. आजूबाजूच्या उंचीवरून गोळीबार चाललेला. उजाडलं असतं तर अख्खी बटालियन शत्रूच्या टप्प्यात उघडी पडली असती. त्याआधी वाटेतले शत्रूचे बंकर साफ करायचं काम पांडे यांच्या प्लाटूनकडे, म्हणजे बटालियनमधल्या त्यांच्या तुकडीकडे आलं. हॉलमधले दिवे घालवा, एकाला टॉर्च देऊन स्टेजवर उभं करा, बाकीच्यांना लपतछपत पुढे येऊ द्या. मध्येच सगळे दिवे लावा. कोणालाच लपायला जागा उरत नाही. ‘उजाडलं असतं तर’ म्हणजे काय, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

आता फळ्यावर चार बंकरांचे चार चौकोन काढा. एक सेक्शन, म्हणजे प्लाटूनमधली छोटी तुकडी, उजवीकडून पाठवली, डावीकडून पांडे स्वतः गेले. पहिला बंकर घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्यापाशी खांद्याला आणि पायांना जखमा झाल्या. इथे खडू खाली ठेवा आणि विचारा, “आता काय करता आलं असतं?” मुलं म्हणतात, मागे यायचं, दुसऱ्याला पाठवायचं. त्यांना चूक ठरवू नका. जखमी अधिकारी मागे आला असता तर कोणी नावं ठेवली नसती. हे पटलं, तरच चौथ्या बंकरकडे जाण्याचं मोल कळतं. तो त्यांनी ग्रेनेडने उडवला आणि त्याच वेळी कपाळावर गोळ्या लागल्या. त्यांच्या या हल्ल्याने बटालियनच्या मागच्या कंपन्यांना (मोठ्या तुकड्यांना) पाय रोवायला जागा मिळाली आणि पुढे खालूबार हाती आलं. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

किती मारले याची गणती रंगवू नका. लहानग्यांना जखमांचं वर्णनही नको. “त्यांना भीती वाटली नसेल?” हा प्रश्न हमखास येतो. वाटलीही असेल, असं सरळ सांगा.

आठवी-नववीच्या मुलांना आणखी एक सांगा: कारगिलच्या चार परमवीरचक्रांपैकी दोन, योगेंद्रसिंह यादव आणि संजय कुमार यांची, जिवंतपणी मिळालेली आहेत. शूर म्हणजे हुतात्माच, असा समज होऊ नये, म्हणून पुढच्या जुलैत त्यांच्यापैकी एकाची गोष्ट घ्या.