उंच केलेली जुनी पिकअप आदळते? नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घेण्याआधी बोल्ट सैल करा

पाटे (लीफ स्प्रिंग) वाढवून किंवा लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग) टाकून उंच केलेली पिकअप रिकामी असली की मागून उडते. बरेचदा दोष शॉकचा नसतो. पाट्यांचे बोल्ट गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असतानाच आवळलेले असतात. गाडी खाली आली की बोल्टभोवतीचा रबरी बुश पिळून बसतो आणि पाट्याला हलू देत नाही.

१. थंड टायरची हवा मोजा. भरलेल्या गाडीचं प्रेशर रिकाम्या गाडीला ठेवू नका.

२. गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर. चाकांना दगड लावा. पाट्याच्या डोळ्याचे (टोकाच्या गोल भोकाचे) आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) नट एक-दीड फेरा सैल करा. बोल्ट काढायचे नाहीत. मागचा बंपर पाच-सहा वेळा दाबून सोडा, मग गाडी तशीच उभी असताना मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) टॉर्क पान्याने आवळा. बुश फाटलेला असेल तर मात्र बदलाच.

३. पाट्यांची टोकं वायर ब्रशने घासून ग्रॅफाइट ग्रीस लावा. मध्ये रबर किंवा नायलॉनचे पॅड असतील तर ग्रीस नको.

४. खड्ड्यातून चाक खाली जाताना 'टक्' वाजतं? चासी (गाडीचा सांगाडा) स्टँडवर घ्या, लोंबकळणाऱ्या अ‍ॅक्सलखाली जॅक ठेवून शॉकचा खालचा बोल्ट काढा आणि जॅक हळूहळू उतरवा. अ‍ॅक्सल आणखी खाली गेला तर शॉक आखूड आहे, लांब घ्या.

हे करताना ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) नजर ठेवा; तो ताणला जाऊ लागला की तिथेच थांबा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका.