बँडची जुनी कॅसेट सापडली तर: घाईने 'प्ले' दाबू नका

माळा आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मला अकरा कॅसेट सापडल्या. मी पहिली गोष्ट केली ती चुकीची. डब्यातली वरची कॅसेट उचलली, जुन्या टू-इन-वनमध्ये (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकात) घातली आणि प्ले दाबलं. चार सेकंद 'ऊंऊं' असा आवाज आला, मग काहीतरी तटकन तुटलं. ती होती 1984 च्या गणपतीतली प्रॅक्टिस. आता ती दोन तुकड्यांत आहे.

आमचा बँड 1983 ते 1988 चालला. माहीमच्या एका गच्चीवरची खोली ही प्रॅक्टिसची जागा. वांद्र्याच्या चर्चच्या हॉलमध्ये डान्स असला की तिथे वाजवायचो, आणि वर्षातून चार-पाच कॉलेजांची गॅदरिंग. मुंबईत मोठे रॉक कार्यक्रम व्हायचे त्या रंगभवनच्या स्टेजवर आम्ही कधी चढलो नाही. 1986 साली सुरू झालेला 'इंडिपेन्डन्स रॉक' हा रॉक बँडचा जलसा आम्ही प्रेक्षकांत घसा बसेपर्यंत ओरडून ऐकला. रॉक मशीन या मुंबईच्या बँडने 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांची रेकॉर्ड काढली, तोवर आमच्यातला एक बँकेत, एक मर्चंट नेव्हीत आणि मी विजेच्या खात्यात चिकटलो होतो. तेव्हा आमची जी काही कमाई आहे ती या डब्यातच. तुमच्याही माळ्यावर असा डबा असेल, म्हणून हे लिहितोय.

आधी कॅसेट उजेडात धरा आणि खिडकीतून आतली टेप बघा. पांढरट भुकटी किंवा जाळ्यासारखे डाग दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या हवेत चाळीस पावसाळे काढलेल्या कॅसेटला ती असणारच. अशी कॅसेट वाजवायची नाही. एक तर बुरशी हेडला (मशीनमधला टेप वाचणारा भाग) लागून पुढच्या सगळ्या कॅसेटना जाते, आणि ती श्वासातही जाते. माझ्या तीन कॅसेट अशा निघाल्या. त्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झाकणाच्या डब्यात ठेवल्या आहेत आणि टेप साफ करून देणाऱ्या माणसाकडे जायच्या आहेत. इंटरनेटवर कोणीतरी ओव्हनमध्ये टेप भाजायला सांगतो. तो उपाय स्टुडिओतल्या काही विशिष्ट रिळांसाठी आहे. आपल्या कॅसेटचं प्लॅस्टिक त्यात वाकडं होईल.

बुरशी नसेल तर कॅसेटच्या पाठीवरच्या कडेला दोन छोटे चौकोनी तुकडे असतात, ते स्क्रूड्रायव्हरने तोडा. ते तोडले की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जात नाही. मग समोरच्या बाजूला, मधोमध, तांब्याच्या पट्टीवर बसवलेला इवलासा फेल्टचा तुकडा जागेवर आहे का ते बघा. त्याचा गोंद वाळतो आणि तो गळून पडतो. मग आवाज येतो-जातो, आणि माणसाला वाटतं रेकॉर्डिंगच गेलं. स्क्रूची कॅसेट असेल तर टेपची दोन्ही चाकं उचलून चांगल्या, रिकाम्या कॅसेटच्या खोक्यात बसवता येतात. माझी तुटलेली टेपही मी अशीच उघडली आणि टेपसाठीच्या खास जोडपट्टीने जोडली. साधा सेलोटेप वापरू नका, त्याचा चिकटा पाझरतो. शेवटी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं घट्ट बसलेले वेढे सैल होतात.

टू-इन-वन विसरा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अजूनही कोपऱ्यात जुने कॅसेट डेक मिळतात. घेताना झाकण उघडून आतला रबरी बेल्ट बघा. पुष्कळदा त्याचं डांबर झालेलं असतं. बेल्ट बदलून मिळतो. हेड आणि त्याशेजारची धातूची दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने, कापूस तपकिरी होणं थांबेपर्यंत पुसा. हे प्रत्येक कॅसेटनंतर. आमची टेपिंग साध्या मशीनवर झाली होती, म्हणून डेकवरचं डॉल्बी (टेपची सरसर कमी करणारं बटण) बंद ठेवलं. चालू ठेवलं तर सगळं गोधडीखालून आल्यासारखं ऐकू येतं.

आता माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्या वादकांसाठी खास सूचना. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. ज्या मशीनवर टेप झालं त्याचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन जुळला नाही तर झांजांची, 'स'ची, तारेवर घासणाऱ्या बोटांची सगळी धार बोथट होते. आवाज मोनोत ऐकत तो स्क्रू केसभर इकडे-तिकडे फिरवायचा आणि धार सर्वांत जास्त जिथे येते तिथे थांबायचं. अडचण अशी की ती धार मला ऐकूच येत नाही. पाच वर्षं ड्रमच्या शेजारी, अहुजाच्या ॲम्पसमोर उभं राहिल्यावर वरचे सूर कानातून गेले. द हू या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवादक पीट टाऊनसेंड गेली कित्येक वर्षं स्वतःच्या कानांबद्दल उघडपणे बोलत आलाय. आपण वादक मात्र घरच्यांना टीव्हीचा आवाज वाढवायला सांगतो आणि विषय बदलतो. मी पुतणीला बसवलं. वय एकोणीस. मी स्क्रू फिरवत होतो, ती डोळे मिटून ऐकत होती. "काका, थांबा, आत्ता उघडलं!" मला काहीही फरक कळला नव्हता. तिच्या कानावर विश्वास ठेवला.

डेकचा लाइन-आउट ऑडिओ इंटरफेसला (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी डबी) जोडा, हेडफोनचा नको. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. तासाला साधारण एक जीबी जागा लागते, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटला दीड. एमपीथ्री नंतर करता येते. सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन (आत घ्यायच्या आवाजाची पातळी) ठेवा. आणि दोन्ही बाजू सलग घ्या. गाण्यांमधली बडबड, खुर्ची सरकवणं, 'परत एकदा', हे कापत बसू नका. त्याचं कारण पुढे येईलच.

मग वेगाचा प्रश्न. कॅसेट सेकंदाला 4.76 सेंटिमीटर जायला हवी, पण आमच्या टू-इन-वनचा वेग कधीच नेमका नसायचा. इथे माझी नोकरी उपयोगी पडली. गिटारच्या पिकअपमधून (तारांचा आवाज पकडणारं चुंबक) विजेचा गुणगुणाट टेपवर येतो आणि आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. सॉफ्टवेअरच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीचा आवाज किती ते दाखवणाऱ्या आलेखात, तो गुणगुणाट 48.2 वर दिसला. म्हणजे टेप चढ्या वेगाने भरली गेली होती आणि आता हळू वाजतेय, तेव्हा वेग 3.7 टक्के वाढवायचा, असा सरळ हिशेब झाला. पण थांबा. ऐंशीच्या दशकातला विजेचा ग्रिड आजच्यासारखा घट्ट बांधलेला नव्हता. संध्याकाळचा भार आला की फ्रिक्वेन्सी खाली घसरायची, आणि आम्ही प्रॅक्टिस करायचो संध्याकाळीच. म्हणून दुसरा साक्षीदार शोधला. त्याच टेपवर कॅसिओचा कीबोर्ड आहे, आणि कॅसिओ विजेच्या फ्रिक्वेन्सीवर नाचत नाही. त्याचे सूर फक्त दोन टक्के उतरलेले होते. वेग दोन टक्के वाढवला. उरलेला फरक ग्रिडचा: त्या संध्याकाळी माहीमला 49.2 हर्ट्झ होते. निवृत्तीनंतर इतका आनंद मला दुसऱ्या कशाने झालेला नाही.

सफाई करताना मूळ फाइलला हात लावू नका. प्रत काढा आणि तिच्यावर प्रयोग करा. आवाज आणि वाद्यं वेगळी करणारी सॉफ्टवेअर आता घरी चालतात. जॉन लेननच्या एका घरगुती कॅसेटवरचं गाणं बीटल्समधल्या बाकीच्या तिघांनी 1995 मध्ये हाती घेऊन सोडून दिलं होतं, कारण आवाज पियानोत बुडाला होता. ते याच जातीच्या तंत्राने 2 नोव्हेंबर 2023 ला 'नाऊ अँड देन' म्हणून बाहेर आलं. मीही मोहात पडलो. आमच्या ड्रमरच्या झांजा पाण्याखाली वाजवल्यासारख्या झाल्या. ती फाइल पुसली. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी 1982 मध्ये न्यू जर्सीतल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर गाणी भरली, ती कॅसेट कव्हरशिवाय खिशात घेऊन फिरला, मग पूर्ण बँड घेऊन स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली, आणि शेवटी 'नेब्रास्का' म्हणून बाजारात आली ती कॅसेटच. माझं मत विचाराल तर टेपची सरसर तेवढी कमी करा. बेसूर राहू द्या.

इथपर्यंतचं काम कोणीही दुकानदार पैसे घेऊन करून देईल. पुढचं मात्र तुम्हालाच करावं लागेल आणि लवकर करावं लागेल. ज्यांनी वाजवलं त्यांना ते मधल्या बडबडीसकट ऐकवा (ती कापायची नाही ती याचसाठी) आणि ऐकताना ते काय बोलतात ते टेप करा.

फाइल आधी व्हॉट्सॲपवर पाठवू नका. पहिल्यांदा ऐकतानाचं बोलणं एकदाच मिळतं. सगळ्यांना एकत्रही बोलावू नका, निदान पहिल्या वेळी. आमच्यात गायकाचा आवाज सर्वांत मोठा, आणि त्याची आठवण दहा मिनिटांत सगळ्यांची आठवण होते. मी ड्रमरकडे वसईला गेलो, बेसवाल्याला ठाण्याला भेटलो, गायक पर्थला असतो म्हणून व्हिडिओ कॉल केला आणि त्याला म्हटलं, तुझ्या बाजूला दुसरा फोन रेकॉर्डिंगला ठेव. समोरच्याला हेडफोन द्या म्हणजे रेकॉर्डिंगवर त्याचं बोलणं स्वच्छ येतं. 'कसं वाटतंय?' असं विचारलं की 'काय दिवस होते रे' एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा 'हा ॲम्प कोणाचा होता?', 'तू दाराकडे उभा होतास की खिडकीकडे?' असं विचारा. ड्रमरला मी विचारलं, स्नेअर ड्रम एवढा बद्द का वाजतोय? तेव्हा कळलं की त्यात टॉवेल भरलेला होता, कारण खालच्या मजल्यावरच्या आजी आजारी होत्या. आमच्या बँडचा 'खास' ड्रम साउंड, ज्याची आम्ही कॉलेजात फुशारकी मारायचो, तो हाच.

आमचा कीबोर्डवाला 2011 मध्ये गेला. त्याने दुसऱ्या कॅसेटवर जो एक सुंदर तुकडा वाजवलाय तो त्याचा स्वतःचा की कुठून उचललेला, हे सांगणारं आता कोणी नाही. रॉक गायक नंदू भेंडे 2014 मध्ये गेले. 1974 मध्ये 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या रॉक संगीत नाटकात जूडासची भूमिका गायलेल्या या माणसाकडे बोट दाखवून आम्ही घरी सांगायचो की मराठी घरातली मुलंही रॉक गातात. त्यांना भेटायचं मी तीस वर्षं पुढे ढकललं.

ऐकून झालं की प्रत्येक गाण्याचा एक कागद करा: तारीख, जागा, शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोण काय वाजवतंय. आठवण जुळत नसेल तर दोन्ही नावं लिहा आणि पुढे 'वाद' असं लिहा. ऑनलाइन टाकायचं असेल तर सगळ्यांची लेखी हो घ्या, गेलेल्याच्या घरच्यांचीही. आपल्या कायद्यात शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. दुसऱ्यांची गाणी, म्हणजे आमची निम्मी कॅसेट डीप पर्पल या इंग्लिश बँडची, ती घरातच ऐका.

तिसऱ्या कॅसेटवर आमचं सर्वांत बरं गाणं आहे. त्यातला गिटार सोलो माझा, असं मी बायकोला लग्नाआधीपासून सांगत आलोय. कागद भरताना तो हेडफोन लावून परत ऐकला. सोलोच्या मागे दुसरी गिटार कॉर्ड धरतेय आणि एफ कॉर्ड आला की खालच्या सुरांच्या दोन तारा गप्प. एफचा पूर्ण बार, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबणं, माझ्या बोटांना कधी जमला नाही. बँडमध्ये अर्धा एफ वाजवणारा मी एकटाच होतो.

सोलोच्या रकान्यात दुसऱ्या गिटारवाल्याचं नाव लिहिलं आणि कागदाचा फोटो त्याला पाठवला. रात्री अकराला त्याचं उत्तर आलं: "ते ठीक आहे. पण दुसऱ्या कडव्यानंतर जो घाण सूर लागलाय, तो मात्र तुझ्या नावावर टाक."