पंख्याच्या दिव्यातला एलईडी बल्ब सारखा जातोय? या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात बहिणीच्या घरी गेलो होतो. पाणी पिऊन होतंय तोच तिने ड्रॉवर उघडला आणि गेलेले चार एलईडी बल्ब टेबलावर मांडले. सगळे हॉलमधल्या दिवेवाल्या पंख्यातले, एका वर्षातले. "कंपनी बदलून पाहिली, महागातले आणले. या पंख्याला एलईडी सोसतच नाही," असं तिचं ठाम मत. मी चारही बल्ब एकेक करून बाथरूमच्या होल्डरला लावून पाहिले. एक लख्ख लागला. उरलेल्या तिघांची मान, म्हणजे होल्डरलगतचा प्लास्टिकचा भाग, पिवळी पडून करपली होती.

म्हणजे तिघे भाजून गेले होते आणि चौथ्याला काहीच झालेलं नव्हतं. असे बल्ब आपण दुकानदाराच्या माथी मारतो, पण दिवेवाल्या पंख्यात बहुतेक वेळा बल्ब निर्दोष असतो. त्याला मिळालेली कोंदट जागा, तिथवर आलेली वायर किंवा पंख्याची थरथर, यांपैकी काहीतरी त्याचा जीव घेतं.

बंद गोळ्यात कोंडलेला बल्ब

जुन्या पिवळ्या बल्बची बरीचशी उष्णता प्रकाशासोबतच बाहेर फेकली जायची. खाली हात धरला की ऊब लागायची. एलईडीची उष्णता मागे, मानेत उतरते. आणि नेमकं तिथेच त्याचं सर्किट बसवलेलं असतं, २३० व्होल्टच्या पुरवठ्यातून प्रकाश देणाऱ्या चिपला हवा तेवढाच करंट देणारा ड्रायव्हर. या ड्रायव्हरमध्ये नळकांड्यासारखा एक छोटा कपॅसिटर असतो. त्याच्या आतला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. खोक्यावर लिहिलेले आयुष्याचे २५,००० तास मोकळ्या हवेतल्या बल्बचे असतात. काचेच्या बंद गोळ्यात, वर तापलेली मोटर आणि खाली हवा जायला जागा नाही, अशा ठिकाणी तो हिशोब लागू पडत नाही. त्यात घर वरच्या मजल्यावर, नागपूर-अकोल्याकडचं असेल तर मे महिन्यात स्लॅबखालची हवाच भट्टीसारखी असते.

इथे लोक एक हमखास चूक करतात. फिटिंगवर 'कमाल ४० वॅट' लिहिलेलं असतं. ते वाचून "मग १८ वॅटचा एलईडी आरामात चालेल" म्हणून मोठा बल्ब बसवतात. तो आकडा फिटिंगची वायर आणि होल्डर किती ताप सोसतील यासाठी आहे. आतला एलईडी किती सोसेल ते त्यातून कळत नाही. बंद शेडमध्ये एक मोठा बल्ब लावण्यापेक्षा ५ किंवा ७ वॅटचे दोन-तीन लावा. जमल्यास गोळा काढून खाली तोंड उघडं असलेल्या काचेच्या वाट्या बसवा. खोक्यावर बंद फिटिंगमध्ये वापरू नये अशी सूचना असेल तर ती पाळा, कारण तसा बल्ब गोळ्यात लवकर जाणारच.

दिव्याची वायर रेग्युलेटरच्या पुढून घेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सापडली आहे, आणि ती घरमालकाला दिसत नाही. आपल्याकडे पंख्याच्या हुकापाशी सहसा दोनच वायर सोडलेल्या असतात: रेग्युलेटरमधून आलेली फेज आणि न्यूट्रल. दिवेवाल्या पंख्याला तिसरी वायर लागते, दिव्याच्या स्वतंत्र बटणाची. ती नसली की घाईत असलेला वायरमन दिव्याची वायर पंख्याच्याच फेजला जोडून मोकळा होतो. मग दिवा आणि पंखा दोघेही रेग्युलेटरच्या ताब्यात जातात.

साधा बल्ब अशा वेळी पंख्याबरोबर मंद व्हायचा, त्यामुळे चूक लगेच कळायची. एलईडी ती लपवतो. बरेच एलईडी कमी व्होल्टेजवरही तेवढाच प्रकाश देतात, म्हणून पंखा ५ वर, ४ वर असताना सगळं ठीक वाटतं. २ वर दिवा फडफडायला लागतो, १ वर विझतो. काही घरी तर "रात्री पंखा कमी केला की दिवा आपोआप बंद होतो" ही सोयच समजली जाते. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या लाटेचे तुकडे करून पुढे पाठवत असतो आणि प्रत्येक तुकड्याचा धक्का ड्रायव्हरला बसत असतो.

तपासणी सोपी आहे. दिवा लावा आणि रेग्युलेटर एकेक आकडा खाली आणा. दिव्यात जरा जरी फरक पडला तर वायर चुकीच्या जागेवरून आली आहे. योग्य उपाय म्हणजे पाइपातून तिसरी वायर ओढून घेणं. पाइप चोंदला असेल आणि भिंत फोडायची नसेल तर पंख्याच्या दांडीवरच्या, छतालगतच्या वाटीत बसणारा रिमोटचा रिसीव्हर मिळतो. तो पंखा आणि दिवा वेगवेगळे चालवतो. मात्र त्याला पूर्ण, न कापलेला पुरवठा लागतो. त्यामुळे बोर्डावरचा रेग्युलेटर काढून तिथे सरळ जोडणी करायला हवी. रिमोटवर चालणाऱ्या बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक मोटरच्या) पंख्यांनाही हेच लागू आहे. नवा पंखा जुन्याच रेग्युलेटरवर टांगू नका. प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या डिमरवरही साधा एलईडी लावू नका. खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेलाच लागतो.

बटण बंद, तरी दिवा मिणमिणतोय

रात्री अंधारात पंख्यातला एलईडी अगदी मंद उजळलेला दिसतो आणि घरातली लहान मुलं घाबरतात. कधी बटणातल्या छोट्या इंडिकेटरमधून झिरपणारा करंट त्याला पुरतो, कधी शेजारून लांबवर गेलेल्या चालू वायरचा परिणाम असतो. ही दोन्ही कारणं त्रासदायक असली तरी भीतीची नाहीत. तिसरं कारण मात्र गंभीर आहे: बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असणं. मग बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत राहते आणि बल्ब बदलताना बोट लागलं तर झटका बसतो. मिणमिण दिसली की वायरमनकडून बोर्ड उघडून तपासून घ्या. तोवर, आणि खरं तर नेहमीच, बल्बला हात लावण्याआधी एमसीबी, म्हणजे मुख्य बोर्डावरचा सेफ्टी खटका, पाडा. नुसत्या बटणावर विसंबू नका.

थरथर

बाथरूममध्ये लख्ख लागलेल्या त्या चौथ्या बल्बचं कोडं इथे सुटतं. आपल्याकडचा पिनचा बल्ब होल्डरमधल्या दोन स्प्रिंगवर टेकलेला असतो. जुन्या होल्डरमधल्या स्प्रिंग वर्षानुवर्षं तापून ढिल्या पडतात, पंखा डुलला की टेकणं सुटतं, ठिणगी पडते, दिवा लुकलुकतो आणि एक दिवस लागतच नाही. आट्यांचा बल्ब थरथरीने हळूहळू उलटा फिरत सैल होतो. तेव्हा बल्ब फेकण्याआधी दुसऱ्या होल्डरला लावून बघा. तिथे लागला तर पंख्यातला होल्डर बदला.

डुलणंही थांबवायला हवं. टेपने छतापासून प्रत्येक पात्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. एखादं पातं खाली आलेलं दिसलं तर त्याचे स्क्रू आवळा, पातं मोटरला जोडणारी पट्टी वाकली असेल तर बदला. पात्यांवरची धूळ पुसली तरी काही पंखे बरेच शांत होतात. बल्ब काचेला टेकत असेल तर लहान आकाराचा घ्या, नाहीतर खडखडाट थांबत नाही.

पात्यांच्या वर दिवे

हल्ली फॉल्स सीलिंगमध्ये गोल एलईडी बसवतात आणि त्यांच्याच मधोमध पंखा टांगतात. दिवा पात्यांच्या घेऱ्यात आला की प्रत्येक पातं प्रकाश कापतं. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३५० फेरे घेत असेल तर सेकंदाला सतरा-अठरा वेळा सावली पडते. डोकं दुखतं, वाचताना ओळ हरवते. आणि ज्यांना प्रकाशाच्या लुकलुकण्याने फिट येते त्यांच्यासाठी सेकंदाला ३ ते ३० वेळांचा हाच पट्टा साधारण धोक्याचा मानला जातो. घरात असं कुणी असेल, किंवा मुलाचं अभ्यासाचं टेबल त्या सावलीखाली असेल, तर ते दिवे आजच बंद ठेवा. दिवा पात्यांच्या खाली हवा, नाहीतर घेऱ्याच्या बराच बाहेर.

स्वस्त बल्बचा एक वेगळा खेळ आहे. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर तो सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते सहसा कळत नाही, पण फिरत्या पात्यांवर कळतं: पाती असतात त्याहून जास्त दिसतात, थबकल्यासारखी किंवा उलटी फिरताना दिसतात. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिव्याचं चित्रीकरण करा. दिवा ठळकपणे उघडझाप करताना दिसला तर तो बल्ब पंख्याजवळ नको.

बाकी गोष्टी थोडक्यात. उजाला योजनेने २०१५ पासून घरोघरी पोचवलेला बल्ब पिनचा होता, तर झुंबरासारख्या पंख्यांत बहुधा बारीक आट्यांचे होल्डर असतात. जुना बल्ब दुकानात सोबत न्या. खोक्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आयएस १६१०२ हा आकडा पाहा. पावसाळ्यात वीज वर-खाली होणाऱ्या गावात जास्त व्होल्टेजच्या झटक्यापासून संरक्षण असलेला बल्ब घ्या, निदान ४ किलोव्होल्टचा. एका पंख्यात पिवळा आणि पांढरा प्रकाश मिसळू नका. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक वेगळं कारण: तिथल्या बऱ्याच पंख्यांत दिव्यांवर १९० वॅटची मर्यादा ठेवणारं छोटं उपकरण असतं, आणि ते बिघडलं की नवे एलईडीही लुकलुकतात. तिथले १२० व्होल्टचे बल्ब मात्र इकडे आणून लावू नका.

बहिणीच्या पंख्यात आता तीन उघड्या वाट्या आणि ५ वॅटचे बल्ब आहेत, होल्डर नवे आहेत. ते काम करायला स्टुलावर चढलो तेव्हा वरची वाटी खाली सरकवून दांडीचा बोल्टही पाहिला. तुम्हीही चढाल तेव्हा पाहा, कारण दिव्यांच्या फिटिंगमुळे पंख्याचं वजन वाढलेलं असतं. तिच्या बोल्टची स्प्लिट पिन, म्हणजे बोल्ट निसटू नये म्हणून घातलेली दुपाखी पिन, गंजून अर्धी झाली होती. बल्बच्या आधी मी ती बदलली.