जुन्या रॉक बँडची कॉन्सर्ट फिल्म बघताना आधी ड्रमरकडे बघा

कॉन्सर्ट फिल्म लावली की नजर गायकाला चिकटते. माझं सांगणं एवढंच, की पहिली दोन-तीन गाणी तरी गायकाला सोडा आणि मागे बसलेल्या माणसाकडे बघा. मी ऑर्केस्ट्रात साउंड मिक्सरवर बसतो. कार्यक्रम जमतोय की सुटतोय, हे मला गायकाच्या आधी वादकांच्या नजरेतून कळतं. तरुण बँड जोरावर निभावून नेतो. वय झालेला बँड एकमेकांचं ऐकून वाजवतो. ते ऐकणं पडद्यावर दिसतं, फक्त कुठे बघायचं हे ठाऊक हवं.

आधी टीव्हीचं बघा. चित्र गुळगुळीत करणारी ‘मोशन’ नावाची जी काही सेटिंग असेल ती बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही दोन चित्रांच्या मधली जागा स्वतःच्या मनाने भरतो आणि ड्रमरच्या काठ्या पुसट होतात. आवाजातला ‘नाइट मोड’ आणि संवाद उठावदार करणारा मोडही बंद. त्यांनी हळू आणि जोरात यांतला फरकच मारला जातो. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून दोन बरे स्पीकर जोडा. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांची अडचण असेल तर वायरचा हेडफोन घ्या. ब्लूटूथवर आवाज मागे पडू शकतो. स्नेअरवर, म्हणजे ड्रमरच्या समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर, काठी पडताना बघा: ठोका त्याच क्षणी ऐकू आला पाहिजे. नाही आला, तर आवाज मागेपुढे करणारी ‘ऑडिओ डिले’ सेटिंग जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सुरुवात ‘शाइन अ लाइट’ने करा. २००६ साली न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांनी रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचे दोन कार्यक्रम टिपले. स्टेडियम भरवणारा बँड इथे नाट्यगृहात आहे, त्यामुळे चेहरे जवळून दिसतात. गायक मिक जॅगर ६३ वर्षांचे, पण तुम्ही ६५ वर्षांच्या ड्रमर चार्ली वॉट्सना धरून ठेवा. एक गाणं संपवून ते कॅमेऱ्याकडे बघत गाल फुगवून श्वास सोडतात. दमलेत, आणि पुढच्या गाण्यात लय तसूभर ढळत नाही. ब्लूज गिटारवादक बडी गाय पाहुणे म्हणून येतात तेव्हा स्टोन्सचे गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांचा चेहरा चुकवू नका.

त्यांतल्याच एका कार्यक्रमाच्या वेळी अटलांटिक रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, अहमेत एर्तेगून, रंगमंचामागे पडले आणि डिसेंबरमध्ये गेले. फिल्म त्यांना अर्पण केलेली आहे. लेड झेपलिन हा ब्रिटिश रॉक बँड १० डिसेंबर २००७ला लंडनच्या ओटू अरिनात पुन्हा एकत्र आला, तेही त्यांच्याच स्मरणार्थ. ती फिल्म ‘सेलिब्रेशन डे’, २०१२ची. म्हणून या दोन फिल्म लागोपाठ बघाव्यात.

इथे ड्रमवर आहे जेसन बॉनम. वडील जॉन १९८०मध्ये वारले आणि बँड थांबला; मुलगा त्यांच्याच जागी बसलाय. ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ हे संथ गाणं पुन्हा पुन्हा बघा. एकदा फक्त जेसनकडे, एकदा बास ठेवून कीबोर्डकडे वळलेल्या जॉन पॉल जोन्सकडे, मग गिटारवादक जिमी पेजकडे. काही गाणी मूळ रेकॉर्डपेक्षा खालच्या पट्टीत आहेत. साठीला आलेला गायक पट्टी उतरवतो यात कमीपणा काही नाही, आपले गायकही तेच करतात. उलट रॉबर्ट प्लांट ओरडण्याऐवजी शब्द कसे टाकतात तिकडे कान द्या.

‘द लास्ट वॉल्ट्झ’ शेवटी ठेवा. २५ नोव्हेंबर १९७६, सॅन फ्रान्सिस्कोचं विंटरलँड, ‘द बँड’ याच नावाच्या रॉक बँडचा निरोपाचा कार्यक्रम. हे लोक तेव्हा म्हातारे नव्हते, पण सोळा वर्षं दौरे करत रस्त्यावर काढलेली होती. ड्रमर लेव्हॉन हेल्म यांनी पुढे आत्मचरित्रात तक्रार केली, की फिल्मने गिटारवादक रॉबी रॉबर्टसन यांनाच झुकतं माप दिलं. मला ती तक्रार पटते, म्हणून हेल्म जिथे जिथे दिसतील तिथे डोळे त्यांच्यावर ठेवा. ड्रम वाजवत ते गातात, आणि गळा आणि हात एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

मग येतात साठी ओलांडलेले ब्लूज गायक मडी वॉटर्स, ‘मॅनिश बॉय’ गायला. रोलिंग स्टोन्सनी नाव घेतलं ते यांच्याच गाण्यावरून. त्या वेळी बाकीचे कॅमेरे बंद होते. कॅमेरामन लास्लो कोवाच यांचा एकच चालू राहिला. त्यामुळे गाण्याचा बराच भाग न तोडता दिसतो. इतर गाण्यांत तुम्ही कुठे बघायचं ते संकलक ठरवतो, इथे तुम्हीच ठरवता. मडी मूठ वळतात, मान झटकतात, आणि मागचा बँड एकाच ठेक्यावर अडून राहतो. हे गाणं मध्ये थांबवू नका, फोनही दुसऱ्या खोलीत ठेवा.

‘द वेट’ आणि ‘इव्हँजेलिन’ नंतर स्टुडिओत चित्रित केलेली आहेत, तेव्हा तिथे प्रेक्षक शोधू नका. मधल्या मुलाखती पहिल्या खेपेला पुढे ढकलल्या तरी चालेल. गाणी मात्र ओळीने बघा.