दोन प्रोसेसरच्या सर्व्हर बोर्डासाठी रॅम निवडताना

"किती जीबी घेऊ?" असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, प्रोसेसर कोणता आणि त्याला मेमरी चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणारे स्वतंत्र मार्ग, किती? दोन सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या दोन जागांच्या, बोर्डावर हिशोब तिथूनच सुरू होतो. रॅम हाताळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे रॅमचे निम्मे स्लॉट एका प्रोसेसरचे आणि निम्मे दुसऱ्याचे. दुसरं सॉकेट रिकामं असेल तर त्याच्या वाटचे स्लॉट चालतच नाहीत.

इंटेल झिऑन ई५-२६०० व्ही३ आणि व्ही४ ला प्रत्येकी ४ चॅनेल असतात. झिऑन स्केलेबलच्या पहिल्या दोन पिढ्यांना ६, तिसरीला ८. एएमडी एपिक ७००१ ते ७००३ ला ८ आणि ९००४ ला १२. आता व्ही४ च्या जोडीवर १२८ जीबी हवी असेल, तर मी ३२ च्या चार नव्हे, १६ च्या आठ स्टिक घेईन. चार घेतल्या तर प्रत्येक प्रोसेसरचे दोनच चॅनेल भरतात आणि मेमरीची बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला ये-जा करू शकणारा डेटा, निम्म्यावर येते. पुढे वाढवायचं नक्की असेल आणि स्लॉट कमी असतील, तरच मोठ्या स्टिकचा विचार करावा.

मग प्रकार. अशा बोर्डांना बहुतेक वेळा ईसीसी (डेटातल्या चुका ओळखून दुरुस्त करण्याची सोय) असलेली रजिस्टर्ड रॅम, म्हणजे आरडिम, लागते. डेस्कटॉपची बफर नसलेली डीडीआर४ रॅम, म्हणजे यूडिम, याच २८८ पिनांच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, पण आरडिमच्या बोर्डावर मशीन उठत नाही. डीडीआर५ मध्ये या दोन प्रकारांची खाच वेगवेगळ्या जागी असल्यामुळे हा घोळ होत नाही. आरडिम आणि एलआरडिम (डेटाही बफरमधून नेणारी रॅम) एकत्र लावू नयेत, मग कंपनी एकच का असेना.

विक्रेत्याच्या वर्णनापेक्षा स्टिकच्या लेबलचा फोटो मागा. त्यावर '१६जीबी २आर×४ पीसी४-२४००टी-आर' असं काही दिसेल. २आर म्हणजे दोन रँक (एकत्र काम करणाऱ्या चिपचे गट), ×४ ही चिपची रुंदी, २४०० हा वेग. शेवटच्या गटाची सुरुवात 'आर'ने असेल तर रजिस्टर्ड, 'एल' असेल तर एलआरडिम, 'यू' किंवा 'ई' असेल तर बफर नसलेली. मी एका मशीनसाठी शक्यतो एकाच पार्ट नंबरच्या सगळ्या स्टिक घेतो, कारण नंतर दोष शोधणं खूप सोपं जातं.

वेगासाठी जास्त पैसे घालण्याआधी प्रोसेसरची मर्यादा पाहा. ई५-२६२० व्ही४ मेमरी २१३३ वरच चालवतो, २४०० ची स्टिक त्यात खाली उतरून चालते. एका चॅनेलवर दोन-दोन स्टिक लावल्या की काही बोर्डांवर वेग आणखी उतरतो.

कोणता स्लॉट आधी भरायचा ते मॅन्युअलमधल्या तक्त्यात असतं. तो तक्ता अक्षरशः पाळा. दोन्ही प्रोसेसरना सारखीच मेमरी द्या, नाहीतर एकाला सतत दुसऱ्याकडची मेमरी वापरावी लागते आणि प्रत्येक फेरीत वेळ जातो. बोर्डाच्या सुसंगत रॅमच्या यादीत तुमचा पार्ट नंबर नसला म्हणून घाबरू नका, पण प्रकार, क्षमता, रँक आणि चिपची रुंदी तरी यादीतल्या एखाद्या स्टिकशी जुळायला हवी. बायोसही आधीच अपडेट करून घ्या.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मेमरी ट्रेनिंग, म्हणजे मशीनचं रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं, वीज तोडू नका. लिनक्सवर 'डीएमआयडीकोड'ने प्रत्येक स्लॉटमधली स्टिक आणि तिचा चालू वेग पाहा, 'नुमासीटीएल'ने दोन्ही नोडची, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरच्या वाटची, मेमरी. मग रात्रभर मेमटेस्ट. एखादी स्टिक दिसलीच नाही किंवा ईसीसीच्या चुका नोंदल्या गेल्या, तर ती दुसऱ्या चॅनेलवरच्या स्टिकशी अदलाबदल करा. दोष स्टिकबरोबर हलला तर ती बदलून घ्या. जागच्या जागी राहिला, तर बोर्डाला नावं ठेवण्याआधी हीटसिंक काढून प्रोसेसर नीट बसलाय का आणि सॉकेटची एखादी पिन वाकलीय का ते उजेडात बघा.